क्वार्टरबॅक कुठे बघतो

“ह्यो बघतोय एकीकडं आणि फेकतोय भलतीकडं. आमच्या सासऱ्यांचं ड्रायव्हिंग असंच आहे.”

माझ्या मागच्या टेबलावरून हे वाक्य आलं आणि दोघंतिघं हसले. बोलणारा कोल्हापूरचा, आमच्या ऑफिसातला सगळ्यांत बोलका माणूस. त्याच्या स्क्रीनवर अमेरिकेतल्या एका कॉलेजचा क्वार्टरबॅक होता. त्या मुलाने चेंडू हातात घेतला, डावीकडे बघत तो काही पावलं मागे गेला आणि मग झटकन उजवीकडे चेंडू फेकला. कोल्हापूरकराने क्लिप थांबवली, तक्त्यात ‘नजर चुकली’ या रकान्यात खूण केली आणि पुढची क्लिप लावली.

मी हसले नाही. तो रकाना मी सुचवलेला होता.

आमचं ऑफिस दुबईत, अल कुसैसमध्ये आहे. खाली टायरवाला आणि एक कॅफेटेरिया, तिथून दिवसातून चारदा दाट, दुधाळ करक चहा वर येतो. आम्ही सहा जण दिवसभर अमेरिकन फुटबॉलच्या क्लिप बघतो आणि जे दिसतं ते तक्त्यात भरतो. आमच्यातल्या कोणीही हा खेळ खेळलेला नाही. मी तर नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंत फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ एवढंच धरून चालले होते. क्लायंटला असेच लोक हवे होते. अमेरिकेत त्यांचं छोटं काम आहे: कॉलेजमधून व्यावसायिक खेळात येऊ पाहणाऱ्या क्वार्टरबॅकचे अहवाल तयार करायचे आणि क्लबांना द्यायचे. खेळ जाणणारे लोक मुलाची उंची, त्याच्या कॉलेजची कीर्ती बघून मनात आधीच निकाल लावून टाकतात, असा त्यांचा अनुभव. आम्हाला कोण कुठला ते ठाऊक नसतं, त्यामुळे आम्ही फक्त दिसेल तेच लिहू, असं त्यांना वाटलं.

क्वार्टरबॅकचं काम सांगायला सोपं आहे. चेंडू त्याच्या हातात येतो, समोरून आडदांड माणसं त्याला पाडायला धावतात, आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचं असतं की पुढे पळत गेलेल्या आपल्या माणसांपैकी कोणाला चेंडू द्यायचा. कॉलेजात हे भरल्या स्टेडियमसमोर लीलया करणारी मुलं व्यावसायिक खेळात गेली की त्यांतली कितीतरी वर्ष-दोन वर्षांत बाकावर बसतात. उलट कॉलेजात ज्याच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नव्हतं असा एखादा वर्षानुवर्षं टिकतो. असं का होतं, हा क्लायंटचा प्रश्न. त्याच्या उत्तराच्या लहान लहान खुणा शोधून देणं हे आमचं काम.

मी रुजू होऊन महिना झाला होता तेव्हा टीम लीडने सगळ्यांना विचारलं, क्लिपमध्ये आणखी काय मोजता येईल? टीम लीड नाशिकचे, चाळिशीतले. आम्ही त्यांना सर म्हणतो. मीटिंगमध्ये मी बोलत नाही, म्हणून मी ईमेल पाठवली. फेकण्याआधी क्वार्टरबॅकची नजर ज्याला चेंडू द्यायचा त्याच्यावर आहे का, हे बघावं. नसेल तर चूक धरावी.

हा विचार माझ्यात कुठून आला ते मला पक्कं माहीत आहे. मी लहान असताना शुक्रवारी सकाळी अब्बा मला शारजातल्या एका वाळूच्या मोकळ्या जागेवर न्यायचे. तिथे रत्नागिरीकडचे सगळे चाचा लोक टेप गुंडाळलेल्या टेनिस बॉलने क्रिकेट खेळायचे. कोणाचा कॅच सुटला की चारी बाजूंनी एकच ओरड व्हायची, “बॉलवर नजर ठेव ना.” आमच्या ऑफिसातले सगळेच अशा कुठल्या ना कुठल्या मैदानावर वाढलेले. जिकडे फेकायचं तिकडे बघायचं, यात शंका घेण्यासारखं काही आहे हे कोणाच्या मनातही आलं नाही. सरांनी माझी ईमेल सगळ्यांसमोर वाचून दाखवली.

“बघा, न बोलता काम करणारी माणसं अशी असतात,” ते म्हणाले. “तोंड चालवणाऱ्यांनी शिका जरा.”

“शिकतोय की सर,” कोल्हापूरकर म्हणाला. “पण ह्या मॅडमची शिकवणी ईमेलवरच असते, आपल्याला ऐकायची सवय.”

त्या दिवसापासून आमच्या सगळ्या क्लिपांना माझा नियम लागला. सीझन संपला तेव्हा क्लायंटला दोन क्वार्टरबॅकची तुलना करून हवी होती. आमच्याकडे त्यांची नावं नव्हती. हेल्मेटच्या रंगावरून आम्ही एकाला निळा आणि दुसऱ्याला पांढरा म्हणायचो. निळ्याच्या नावावर ‘नजर चुकली’च्या खुणा जवळपास नव्हत्याच. पांढऱ्याच्या इतक्या होत्या की तो आमच्या यादीत अगदी तळाला गेला होता.

ज्याच्यावरून सासऱ्यांच्या ड्रायव्हिंगचा विनोद झाला तो मुलगा म्हणजे पांढरा. मी हसले नाही, पण मागे वळून कोल्हापूरकराच्या स्क्रीनकडे बघितलं. ‘नजर चुकली’च्या शेजारचा रकाना होता ‘पास पोचला’. त्यातही खूण होती. मी माझ्या तक्त्यात वरखाली बघत गेले. पांढऱ्याची नजर जिथे जिथे चुकली होती, तिथे बहुतेक वेळा चेंडू बरोबर पोचला होता. नजर चुकणाऱ्या माणसाचा नेम इतक्या वेळा कसा लागेल?

प्रत्येक खेळाच्या दोन क्लिप आमच्याकडे येतात. एक जवळची, टीव्हीवर दिसते तशी. दुसरी स्टेडियमच्या उंचावरून घेतलेली. तिच्यात बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात, पण मुंगीएवढे. जवळच्या क्लिपमध्ये हेल्मेट कुठे वळलं ते स्पष्ट दिसतं म्हणून आम्ही तीच वापरायचो. दुसरा फोल्डर कोणी उघडत नव्हतं. मी तो उघडला.

जवळच्या क्लिपमध्ये जो दिसतच नव्हता असा एक माणूस या क्लिपमध्ये होता. समोरच्या टीमचा सगळ्यांत मागे उभा असलेला बचावपटू. पांढऱ्याने डावीकडे मान वळवली तशी तो डावीकडे तीन पावलं सरकला. उजवी बाजू मोकळी झाली. चेंडू उजवीकडे गेला.

मला लगेच कळलं, कारण हे मी स्वतः केलेलं आहे. शारजात आमच्या इंग्लिश मीडियम शाळेत टीचर प्रश्न विचारून वर्गावर नजर फिरवायच्या. जी मुलं खाली बघायची ती आधी पकडली जायची. मी खाली बघत नसे. दोन बाकं सोडून बसलेल्या एका मुलीकडे मी मोठ्या उत्सुकतेने बघायचे, जणू आता ती उत्तर देणार आहे. टीचरची नजर माझ्या नजरेमागून जायची आणि त्या मुलीला उठवायची. अख्खी दहावी मी अशी काढली. उत्तर मला बहुतेक वेळा येत असे. त्या मुलीला येत नसे. याचा मला मुळीच अभिमान नाही, पण नजरेने समोरच्याला हलवता येतं हे मला त्या ऑफिसात कोणापेक्षाही जास्त माहीत असायला हवं होतं. आणि नियम मीच लिहिला होता.

शुक्रवारी अर्धा दिवस असतो. सगळे गेल्यावर मी बसून राहिले आणि पांढऱ्याची प्रत्येक ‘चूक’ वरच्या क्लिपमधून पुन्हा बघितली. सगळ्याच क्लिप तशा नव्हत्या. काही ठिकाणी तो खरोखर गोंधळला होता. एकदा तर त्याच्या समोर हात वर करून उभा असलेला त्याचाच माणूस त्याला दिसला नव्हता. त्या चुका मी चुकाच राहू दिल्या. ज्या शंकास्पद वाटल्या त्या बाजूला काढल्या. शेवटी बारा क्लिप अशा उरल्या, ज्यांत त्याने एकीकडे बघितलं, बचावपटू तिकडे गेला आणि चेंडू दुसरीकडे. मी प्रत्येकीची जवळची आणि वरची क्लिप शेजारी शेजारी लावून ठेवली.

मग निळा. त्याच्या खेळात मला काही खोट दिसेना. चेंडू हातात आला की तो आपल्या माणसाकडे बघायचा, बघतच राहायचा, आणि फेकायचा. तो माणूस बहुतेक वेळा एकटा, मोकळा असायचा. एकच गोष्ट लक्षात आली. खेळ सुरू होण्याआधी निळा दर वेळी मैदानाबाहेर बघायचा. तिथे चित्रं काढलेले मोठे फलक धरून माणसं उभी असायची. त्यावरून कोच त्याला सांगायचे, समोरचे कसे उभे आहेत आणि चेंडू कोणाला द्यायचा. इतर कॉलेजांत हे थोडंफार असतंच. निळ्याच्या बाबतीत ते प्रत्येक वेळी होतं. याचा अर्थ काय लावायचा ते मला कळत नव्हतं.

शनिवारी जेवणानंतर मी लॅपटॉप अब्बांसमोर ठेवला. अब्बा हमरिया फ्री झोनमधल्या एका यार्डात क्रेनखाली उभं राहून ऑपरेटरला हाताने सिग्नल देतात. फुटबॉलशी त्यांचा काही संबंध नाही. मी इंग्लिशमध्ये बोलत होते आणि ते आपल्या भाषेत. आमच्या घरी हे असंच चालतं.

“हा दर वेळी कोणाकडे बघतो?” त्यांनी विचारलं.

“कोचकडे. काय करायचं ते ते सांगतात.”

“आणि मोठ्या खेळात नाही सांगत?”

“हेल्मेटमध्ये आवाज येतो. पण खेळ सुरू व्हायच्या जरा आधी तो बंद करतात. त्यानंतर समोरच्यांनी जागा बदलल्या तर ते त्याचं त्यानेच बघायचं.”

अब्बांनी चष्मा काढला. “असा एक ऑपरेटर होता आमच्याकडं. जुन्या यार्डात त्याचा सिग्नलवाला एकच, बारा वर्षं. दोघांचं काम असं की लोक उभे राहून बघायचे. आमच्याकडं आला आणि पहिल्या महिन्यात तीनदा माल आपटला.”

“का?”

“माझा हात बघायचा गो. माल बघायचाच नाही. वारा सुटला, माल फिरायला लागला, तरी ह्याची नजर माझ्या हातावर. वाऱ्याचा काय सिग्नल देणार मी?”

“ह्यांना काहीही विचारा, क्रेनच सांगणार,” अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली. “माझ्या भावाच्या लग्नात नवऱ्यामुलाला पण क्रेन सांगत होते.”

“मग त्या ऑपरेटरचं काय झालं?” मी विचारलं.

“शिकला. दोन वर्षं लागली. त्याला घरी पाठवायला निघाले होते, मी म्हटलं थांबा. हा वाईट नाही, ह्याला आजपर्यंत माल बघायला कोणी लावलंच नाही.”

त्या दुपारी मला माझ्या नियमात काय चुकलं ते सगळं दिसलं. निळाही त्या ऑपरेटरसारखाच, कोचचे फलक बघायचा, समोरचे बचावपटू नाही. कॉलेजात समोरच्या टीममध्ये कच्चे खेळाडू असतात, एखाद्याकडे टक लावून बघितलं तरी निभावतं. व्यावसायिक खेळात तो सगळ्यांत मागचा बचावपटू क्वार्टरबॅकचे डोळे वाचण्याचाच पगार घेतो. ज्याच्याकडे टक लावली त्याच्याकडे तो क्वार्टरबॅकच्या आधी पोचतो. निळ्याला ही अडचण येणार होती, आणि माझ्या नियमाने त्याला टक लावण्याचेच गुण दिले होते. पांढऱ्याला जे आधीच येत होतं, त्याची शिक्षा दिली होती. पांढरा टिकेल की नाही हे मला सांगता येणार नाही. कुठला क्लब त्याला घेतो, त्याच्या टीमची पुढची फळी त्याला किती वाचवते, दुखापत होते का, यातलं काहीच आमच्या तक्त्यात नसतं. निळाही त्या ऑपरेटरसारखा शिकेल कदाचित. पण आमच्या कागदावर जे लिहिलं होतं ते खोटं होतं, एवढं मला नक्की सांगता येत होतं.

मंगळवारी संध्याकाळी क्लायंटचा कॉल होता. सोमवारी सकाळी मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

“बोल गं,” ते म्हणाले. मी लॅपटॉप उघडून क्लिप लावल्या. पहिल्या तीन बघूनच त्यांनी खुर्ची मागे सरकवली. सर हुशार आहेत, त्यांना जास्त सांगावं लागत नाही.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “पण अख्खा सीझन या नियमावर टॅग झालाय. सहा जणांचं काम आहे.”

“पुन्हा करावं लागेल, सर.”

“पुढच्या बॅचपासून बदलू. हे जाऊ दे आता. यल्ला, खलास.”

“पण पांढऱ्याचं…”

“अगं, फक्त आपला अहवाल वाचून कोणी कोणाला घेतं का? त्यांची माणसं असतात, ते स्वतः जाऊन बघतात.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “तुझ्या भल्यासाठी सांगतो. नियम तुझा आहे. उद्या कॉलवर हे निघालं तर पहिलं बोट तुझ्याकडे जाईल. महिनाअखेर तुझं प्रोबेशन संपतंय आणि मी सीनियरच्या जागेसाठी तुझं नाव वर दिलंय. कळतंय ना?”

कळत होतं. ते मनापासून सांगत होते, हेही कळत होतं.

मी जागेवर आले तेव्हा कोल्हापूरकराने खुर्ची फिरवली. “काय ओ मॅडम, चहा पाजला का नुसतं पाणी?”

मी त्याच्या स्क्रीनवर त्याचीच क्लिप लावली, शेजारी वरची. “तुमच्या सासऱ्यांसारखं ड्रायव्हिंग करणारा तो मुलगा,” मी म्हणाले, “बरोबर होता.”

त्याने ती चार वेळा बघितली.

“म्हणजे मी एवढ्या खुणा केल्या त्या…”

“मी सांगितलं म्हणून केल्या.”

“आणि आता परत करायच्या?”

“हो.”

“शनिवारी फुजैराला समुद्रावर जायचं ठरलंय. बायको मला समुद्रात सोडून येईल.” मग त्याने सरांच्या केबिनकडे बघितलं. “करू की. पण क्लायंटला सांगणार कोण?”

दुपारभर मी क्लायंटसाठी एक ईमेल लिहिली. चांगली लिहिली होती. लिहिण्यात मी कमी पडत नाही. पण आमच्याकडे क्लायंटला जाणारी प्रत्येक ईमेल सरांमार्फत जाते. ती त्यांच्याकडे पोचली असती आणि तिथेच राहिली असती, आणि मला स्वतःला म्हणता आलं असतं की मी सांगितलं होतं. मला ते वाक्य तयार ठेवायचं नव्हतं. मी ईमेल पुसली.

मंगळवारी साडेपाचला कॉल. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते. एरवी मी टेबलाच्या कडेला, कॅमेऱ्यात येणार नाही अशा खुर्चीवर बसते. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन मी सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि लॅपटॉप केबलला जोडला. सर आत आले, त्यांनी केबल बघितली, माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी कॉल लावला.

क्लायंट म्हणजे पांढऱ्या केसांच्या एक बाई, बोलायला मवाळ. बोलणं इंग्लिशमध्ये झालं, मी इथे आपल्या भाषेत देते.

“निळ्याबद्दल सगळं स्पष्ट आहे,” त्या म्हणाल्या. “पांढऱ्याबद्दल मला शेवटी एक वाक्य हवंय. दबावाखाली नजर स्थिर राहत नाही, घाबरतो. असं लिहिलं तर चालेल?”

सर टेबलाकडे बघत होते. ते म्हणाले, “आमचे आकडे तसंच दाखवतात.”

“मग मी तसं लिहिते. आजच क्लबांना जाईल.”

त्यांच्या बाजूने टाइप केल्याचा आवाज यायला लागला. घाबरतो. त्या मुलाचा चेहराही मी कधी बघितला नव्हता, हेल्मेटच बघितलं होतं. त्याला माझं अस्तित्वही ठाऊक नव्हतं. तो शब्द एकदा कागदावर गेला की तो जिथे जाईल तिथे त्याच्या आधी पोचणार होता, आणि तो शब्द माझ्यामुळे जाणार होता. टेबलापलीकडून कोल्हापूरकर माझ्याकडेच बघत होता. मी कुठेही दुसरीकडे बघितलं नाही, सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं.

“थांबा,” मी म्हणाले. “ते वाक्य लिहू नका. ‘नजर चुकली’ हा नियम मी बनवलाय आणि तो चुकीचा आहे. तो मुलगा मुद्दाम दुसरीकडे बघतो. माझ्याकडे बारा क्लिप आहेत, पहिली आत्ता लावते.”